दिवसा लावलेलं दार

आमच्या गावात दिवसा घराचं पुढचं दार लावत नाहीत. वेल्ह्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला गाव आहे. माणूस शेतावर गेलं तरी दार नुसतं लोटून जातं. आत कुणी म्हातारं असतं, नाहीतर शेजारणीचा डोळा असतो. दिवसाढवळ्या आतून कडी लागलेली दिसली की येणारा-जाणारा थबकतो. आत सुतक असेल, भांडण असेल, नाहीतर लपवण्यासारखं काही असेल. याच्यापलीकडे कारण कुणाला सुचत नाही.

म्हणून तात्या आमच्या भोरच्या घरी चहा पिता पिता म्हणाले, "तुमच्या घराचं दार सकाळचं बंद असतंया हल्ली," तेव्हा मी कप खाली ठेवला.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. भावकीत आता तेच सगळ्यांत वडील. दात दाखवायला भोरला आले होते. एक गाल सुजला होता, त्यामुळे बोलणं तोंडाच्या एकाच बाजूनं येत होतं.

"आतून बंद?" मी विचारलं.

"मंग काय भाइरनं? दोगी आत आन कडी लावल्याली."

"दोघी कोण?"

तात्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुला म्हाईत न्हाई, का म्हाईत न्हाई असं दावतोस?"

मला खरंच माहीत नव्हतं. गावच्या घरात माझी वहिनी एकटी राहते. मोठा भाऊ जाऊन काही वर्षं झाली, मूलबाळ नाही. घर आणि भाताची खाचरं आम्हा दोघा भावांची सामाईक. मी भोरला कॉलेजात इतिहास शिकवतो, ती शेत करते आणि आमच्या वाट्याचा तांदूळ दर वर्षी एसटीनं येतो. इतकंच आमचं नातं चालू होतं आणि ते ठीक चाललंय असं मी धरून होतो.

तात्यांनी सांगितलं ते असं. पलीकडच्या खोऱ्यातली एक बाई भात कापायला आली होती. नवऱ्यानं दुसरी आणलेली, माहेरी भावजय उभी करत नाही. ती कापणी झाल्यावर गेलीच नाही. वहिनीनं ठेवून घेतली. आणि आता रोज सकाळी गुरांचं उरकलं की दोघी घरात जातात आणि कडी लावून बसतात.

"बोलनं न्हाई, भजन न्हाई, आरती न्हाई. म्या सोता कान दिऊन आइकलं."

"दात दुखतोय पण कान शाबूत आहेत तात्यांचे," माझी बायको आतून पुटपुटली. तात्यांनी ऐकलं असेल तरी दाखवलं नाही.

"आजकाल काय काय चालतंया, तुला शिकलेल्याला म्या काय सांगू," ते म्हणाले. "कुनी पुस्तकं वाटीत फिरतंय, कुनी एकट्या बाया हेरतंय. बाई एकली दिसली की मानसं येत्यातच."

त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागली, ते चढले, आणि खिडकीशी उभा राहून मी म्हणालो, "तात्या, जरा लक्ष ठेवा."

तात्या गालाला हात लावून थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. "तू म्हनतोस तर ठिवतो," ते म्हणाले. गाडी गेली. मला वाटलं मी एक जबाबदारीचं काम केलं.

मी एवढा का दचकलो होतो, ते सांगायला हवं. ती बाई यायच्या आधीच्या हिवाळ्यात मी सुटी काढून गावी राहिलो होतो. युरोपच्या मध्ययुगावर मुलांसाठी एक प्रकरण लिहून द्यायचं होतं आणि भोरला ते पुढे सरकत नव्हतं. त्यात एक ख्रिस्ती सुधारक होता. या लिखाणात मी कुणाचंच नाव घेत नाही, तेव्हा त्याचंही घेत नाही. वहिनीच्या जिभेवर ते बसलंही नव्हतं. त्याचं गाव हॉलंडकडचं, नदीच्या काठचं, म्हणून ती त्याला 'तुमचा नदीकाठचा' म्हणायची.

या गोष्टीला सहाशेहून जास्त वर्षं झाली. श्रीमंत कापडव्यापाऱ्याचा मुलगा, आईबाप लहानपणीच साथीत गेलेले. शिकून मोठा झाला, धर्मपीठाकडून बसल्या जागी उत्पन्न मिळू लागलं. मग एका मोठ्या आजारपणानंतर त्यानं ते उत्पन्न सोडून दिलं. वाडवडिलांचं घर एकट्यादुकट्या गरीब बायकांना राहायला दिलं, स्वतःला थोडी जागा ठेवली. त्या बायका संन्यासिनी नव्हत्या. शपथ नव्हती, वेगळा वेश नव्हता. हातानं काम करायचं, आपलं आपण मिळवून खायचं, मन रमलं नाही तर निघून जायचं. भक्ती म्हणाल तर रोज थोडा वेळ गप्प बसून आपल्या मनात काय चाललंय ते देवासमोर बघायचं. थाटमाट नाही, मिरवणं नाही.

वहिनी सुपातल्या तांदळातले खडे वेचत हे ऐकायची.

"घर दिलं म्हंजी नावावर करून दिलं का नुस्तं ऱ्हायाला?" तिनं विचारलं.

"राहायला. नियम ठरवून दिले होते."

"आन लोकांनी ऱ्हाऊ दिलं?"

"लोकांना संशय आला. धड संसारी नाहीत, धड संन्यासिनी नाहीत, मग या आत करतात काय? त्याच्यावरही बंदी आली. लोकांसमोर बोलायचं नाही म्हणून."

"मंग भांडला आसंल."

"वर दाद मागितली. पण बोलणं थांबवलं. बंदी असतानाच वारला, आजारी मित्राला बघायला गेला आणि त्याचीच साथ लागली."

तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग मी इतिहासाच्या माणसाला शोभेल असं आणखी सांगितलं, की तो काही सगळा गोड नव्हता. कुणी धर्माच्या वाटेवरून जरा ढळला असं त्याला वाटलं की हात धुऊन मागे लागायचा. फार संशयी माणूस.

"म्हंजी आपल्या तात्यांसारकाच."

"पण सगळ्यांत जास्त संशय त्याचा स्वतःवर होता."

"त्ये काय तात्यांना जमायचं न्हाई," ती म्हणाली आणि सूप पाखडायला उठली.

ती वेळ घालवायला ऐकतेय असं मी समजलो होतो. प्रकरण लिहून झालं, मी भोरला आलो, वर्गात तो माणूस शिकवला आणि विसरलो.

तात्यांना गाडीत बसवून परत येताना मात्र मला एकेक सुचायला लागलं. त्या बाईला घर हवं असेल. आज राहायला, उद्या कुणाला तरी पुढं करून हक्क सांगायला. किंवा त्या दोघींच्या मागे तिसरं कुणी असेल. किंवा वहिनीचं डोकं फिरलं असेल, एकटेपणानं फिरतं. या सगळ्या संशयांखाली आणखी एक होता आणि त्याच्याकडे मी बघत नव्हतो. तो म्हणजे, मागे कुणीच नसेल आणि हे मीच केलं असेल.

पुढच्या रविवारी पहिल्या गाडीनं निघालो. चेलाडीला गाडी बदलली. वहिनीला कळवलं नव्हतं, कारण कळवलं तर ती आवरून ठेवेल असं मला वाटलं. काय आवरून ठेवेल ते मला सांगता आलं नसतं.

दार बंद होतं. गोठ्यात म्हशी रवंथ करत होत्या, ओट्यावर शेणाची पाटी नुकतीच धुऊन पालथी घातलेली होती. मी हाक मारली नाही. आमच्याच घराच्या दाराला कान लावून उभा राहिलो. काही ऐकू येईना. मग मागच्या बाजूला गेलो. तिथं न्हाणीची खिडकी आहे, तिच्या फळीत फट आहे, लहानपणापासून ठाऊक असलेली. फटीतून मधली खोली दिसते. वहिनी भिंतीला टेकून बसली होती, हात मांडीवर. ती बाई पलीकडच्या भिंतीशी, डोक्यावर पदर. डोळे मिटलेले नव्हते. समोर काही मांडलेलं नव्हतं. दोघी नुसत्या बसल्या होत्या, वैद्याकडे नंबर लावून बसतात तशा.

काही दिसलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

कडी काढल्याचा आवाज आला आणि मी घाईनं पुढं आलो. वहिनी दारात होती.

"भावजी, कवाधरनं हुबं हाय?"

"आत्ताच आलो."

तिनं माझ्या पायांकडे बघितलं. न्हाणीमागचा चिखल चपलेला लागला होता. तिनं पाणी आणून दिलं. ती बाई नमस्कारापुरती मान हलवून घागर घेऊन विहिरीकडे गेली. वहिनी तिच्या मागे दुसरी घागर घेऊन गेली.

घरात मी एकटा होतो आणि मग मी जे केलं ते लिहिताना अजून हात आखडतो. आधी देव्हारा बघितला. टाक जागेवर होते, फूल ताजं होतं. मग फडताळ बघितलं. मग खुंटीवरची त्या बाईची कापडी पिशवी काढली आणि आत हात घातला. एक लुगडं, फणी, सुपारीची पुडी, गोळ्यांची अर्धी पट्टी. एवढंच. ते सगळं परत भरलं, पिशवी खुंटीला लावली, आणि पहिला विचार माझ्या मनात आला तो हा की काहीच सापडत नाही म्हणजे नीट लपवलंय.

जेवताना मी विचारलं, "वहिनी, दार का लावता?"

"दार उगडं ठिवलं की म्या रस्त्याकडं बगत बसते. कोन गेलं, कुनाच्या घरी गेलं, हातात काय हुतं. दिसभर तेच. तेवडा येळ तरी नगं."

"आणि आत काय करता?"

"काल कुनाला काय बोलले ते आटवते. कंटाळा येतो. मंग उटून भाकरी करते."

"आणि ती?"

"तिला म्या कशाला इचारू?" मग आवाज खाली आणून, "तिच्यावर माजा पुरा भरवसा न्हाई अजून. धान्याच्या खोलीची किल्ली माज्या कमरंला असती. पन मानूस चांगलं राबतं. ऱ्हाईल तवर ऱ्हाईल."

मला हे ऐकून हायसं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात ती म्हणाली, "तुमी तात्यांना लक्ष ठेवायला सांगितलंत म्हनं."

मी घास तसाच धरून राहिलो.

"तात्यांनी भावकीत सांगितलं. दिरानंच लक्ष ठेवा म्हनल्यावर आता आमाला बोलायला नगं, असं. यंदा आपल्या खाचरात सावड येनार न्हाई. ती बाई गेल्याबिगर न्हाई."

सावड म्हणजे काय ते गावाबाहेरच्या वाचकासाठी सांगतो. भाताची आवणी एकट्या घराला होत नाही. आज सगळ्यांनी मिळून तुझ्या खाचरात रोपं लावायची, उद्या माझ्या. मजुरी नाही, फेड हातानंच. वहिनी आवणी सुरू झाल्यापासून दुसऱ्यांच्या खाचरांत वाकत होती आणि आता तिची पाळी आली तर माणसं येणार नव्हती. रोपं तयार होऊन उभी होती. आणखी आठवडाभर राहिली की ती जून होतात, मग लावून फुटवा धरत नाहीत. तिचं वर्षभराचं खाणं त्या रोपांत होतं.

"मी फक्त काळजीपोटी म्हणालो होतो," मी म्हणालो.

"काळजी असती तर मला फोन केला असता," वहिनी म्हणाली. "मालक गेल्यावर दिराचा हात हाय म्हनून लोक बोलत नव्हतं. तुमी हात काडला, एवडंच त्यांला कळलं." आणि ताटात भात वाढला. रागानं वाढला की नेहमीसारखा, मला कळलं नाही.

गावात राहून वाढलेला मी, पण 'लक्ष ठेवा' या दोन शब्दांचा अर्थ भोरला एक होतो आणि भावकीत दुसरा, हे मी विसरलो होतो. शहरात ती विनवणी असते. इथं घरच्या माणसानं म्हटलं की ती मोकळीक असते.

दुपारी तात्यांकडे गेलो. ते देवळाच्या ओट्यावर होते, आणखी दोघं-तिघं पॉवर टिलरचं काहीतरी खोलून बसले होते. मी सांगितलं, की मी स्वतः बघून आलो, आत काही नाही, नुसत्या गप्प बसतात.

"गप?" तात्या म्हणाले. "तेच तर म्या म्हनतोय. बोलत्या तर काय बोलत्यात ते कळलं असतं."

"गप्प बसणं हा काय गुन्हा आहे?"

"आमची म्हातारी चाळीस वर्सांत कदी गप बसली न्हाई. निरोगी बाई गप बसती व्हय?"

टिलरवाले हसले. मीही हसलो असतो. मग मला वाटलं, खरं सांगितलं तर सुटेल, आणि मी त्या नदीकाठच्या माणसाची गोष्ट सांगायला लागलो. घर दिलं, बायका राहिल्या, हातानं कामं केली. वर्गात सांगतो तशी सांगितली. तात्या लक्ष देऊन ऐकत होते.

"म्हंजी किरिस्ताव," ते म्हणाले.

"सहाशे वर्षांपूर्वीचा."

"पर किरिस्तावच ना? आन तिला ही गोष्ट कुनी सांगितली?"

पाना टाकून टिलरवालेही माझ्याकडे बघायला लागले. इथं मी काहीही सांगू शकलो असतो. टीव्हीवरच्या कुणा बुवाचं ध्यान आहे म्हटलं असतं तर कुणी दुसरा प्रश्न विचारला नसता. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. आणि त्याच वेळी हेही कळत होतं की ज्या माणसाची गोष्ट मी सांगतोय, त्याच्या घरातल्या बायकांकडेही असेच कुणीतरी ओट्यावर बसून बघत असतील, आणि त्यांच्यात माझ्यासारखा शिकलेला नातेवाईक असणार.

"मी सांगितली," मी म्हणालो.

तात्यांचा गाल उतरला होता, पण सवयीनं हात तिथंच होता. "मंग तू सांग," ते म्हणाले. "ती बाई चांगली हाय, वावगं काय न्हाई, असं तू सगळ्यांम्होरं बोलतोस का? उद्या काय निगालं तर तुला धरू."

मला हो म्हणता आलं नाही. ती बाई कशी आहे ते मला ठाऊक नव्हतं. सकाळीच मी तिची पिशवी उचकली होती आणि अजूनही माझा संशय गेला नव्हता. खोटी हमी देऊन चांगलं दिसायचं, तेही मला त्या क्षणी नको झालं.

"ती कशी आहे मला माहीत नाही," मी म्हणालो. "पण घर माझंही आहे. दार लावायला माझी हरकत नाही, आणि ती राहिली तरी हरकत नाही. लक्ष ठेवा म्हणालो ती माझी चूक झाली. ते मी मागं घेतो. धरायचं असेल तर आजच मला धरा."

"शबूद मागं घिऊन आवनी हुती व्हय?" तात्या म्हणाले. "कर मंग तूच."

म्हणून मी रजा टाकली. फोनवर बायकोला सांगितलं तेव्हा ती आधी हसली आणि मग म्हणाली, "तुम्हाला कुंडीत तुळस लावता येत नाही." दुसऱ्या दिवशी दुपारी ती जुनी साडी पिशवीत घालून एसटीतून उतरली.

आम्ही चौघं खाचरात उतरलो. मी, बायको, वहिनी आणि ती बाई. पाऊस होता, डोक्यावर प्लास्टिकचे कागद. चिखलणी वहिनीनं टिलर भाड्यानं आणून आधीच करून घेतली होती. रोपांच्या जुड्या बांधावर पडल्या होत्या आणि शेजारच्या खाचरातली माणसं, ज्यांच्याकडे वहिनी राबून आली होती, ती वाकूनच आमच्याकडे बघत होती. मी तिन्ही बायकांच्या मागे पडत होतो. एकदा ती बाई माझ्या बाजूला आली, हात न थांबवता म्हणाली, "भाऊ, पिशवी परत बगायची आसंल तर सांगा. म्याच काडून दावते."

तिनं माझ्यासमोरची रिकामी जागा लावून टाकली आणि पुढं गेली. तिनं वहिनीला सांगितलं होतं की नाही, मला अजून माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी तात्या बांधावर आले. काठी टेकून, छत्री धरून उभे. मला वाटलं बघायलाच आले, आणि ते बघायलाच आले होते. थोड्या वेळानं म्हणाले, "दाट लावतोयस."

मी विरळ लावायला लागलो.

"आता पार इरळ. आन आंगटा घाल की आत. रोप तरंगतंय बग त्ये."

मी अंगठा घातला.

"वाकडी वळ. अरं, वाकडी." मग छत्री मिटली, काठी बांधावर टाकली, धोतर खोचलं, आणि शिव्या देत तात्या खाचरात उतरले. माझ्या हातातली जुडी त्यांनी ओढून घेतली आणि माझी आख्खी ओळ उपटून परत लावायला घेतली. वहिनी एकदा मागं वळली, परत वाकली. दुपारनंतर तात्यांच्या दोन सुना आल्या. बाकी भावकी आली नाही.

तात्या का उतरले, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. रोपांची हेळसांड बघवली नाही म्हणून असेल, जवळून बघता यावं म्हणूनही असेल. जाताना ते त्या बाईला ऐकू जाईल असं म्हणाले, "आवनी झाली. बाकीचं बगू." ती चिखलाचे हात धूत होती. तिनं मान वर केली नाही.

खालची खाचरं लागली. वरचं खाचर राहिलं, तिथली रोपं जून होऊन पिवळी पडली आणि वहिनीनं ती म्हशींना घातली. सुगीला मी एकदा जाऊन आलो. ती बाई होती. दोघी सकाळी आत जात होत्या. वहिनीनं मला बसायला बोलावलं नाही आणि मीही आत जातो म्हणालो नाही. मी ओट्यावर बसलो, तेवढा वेळ कुणाला काय बोललो ते आठवायचा प्रयत्न केला, आणि दर खेपेला माझं लक्ष रस्त्यानं कोण गेलं तिकडेच गेलं.

यंदा भोरला तांदूळ आला नाही. बायकोनं दुकानातून आणला. कमी पिकला म्हणून आला नाही की वहिनीनं मुद्दाम पाठवला नाही, हे मी ताटावर बसून घोळवत होतो. फोन करावा का, आडून विचारावं का. बायकोनं माझ्याकडे थोडा वेळ बघितलं.

"तिथं खाणारी दोन तोंडं आहेत," ती म्हणाली. "जेवा."